तळाला तिसऱ्यांदा विचारू नये

दुपारी ती साबणाची वडी घ्यायला गेली, तेव्हा दुकानदार हसलाच. म्हणाला, "अहो, आठवडा झाला नळाला थेंब नाही आणि तुम्हाला धुणं कुठलं सुचतंय?"

"धुवायला नाही हो, मोजायला पाहिजे," ती म्हणाली आणि पैसे ठेवून निघाली. दुकानदार बिचारा पैशांकडे बघायचं सोडून तिच्या पाठीकडे बघत राहिला.

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं. तलाव मोजणाऱ्यांचं हे जुनं तंत्र आहे. दोराच्या टोकाला शिशाचं वजन असतं, पेरूएवढं. त्याच्या बुडाला एक खळगा असतो, त्यात ओला साबण अंगठ्यानं दाबून भरायचा. वजन तळाला टेकलं की तिथं जे असेल ते साबणाला चिकटून वर येतं. वाळू असेल तर वाळू, गाळ असेल तर गाळ. दोर सांगतो पाणी किती, साबण सांगतो खाली काय. हल्ली होडीला लावायचं यंत्र आलंय, आवाज खाली सोडतं आणि परत आला की खोली सांगतं. फार गुणी यंत्र आहे, तीही तेच वापरायची, अख्खा तलाव त्यानं दोन दिवसांत मोजून दिला होता. पण तलावातल्या बुरुजाजवळ त्याचं काही चालेना. भिंतीवर आपटून आवाजाचा नुसता गोंधळ व्हायचा. तिथं दोरच पाहिजे.

आणि दोर म्हटलं की शिसेकाका.

त्यांचं खरं नाव निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. शिशाचं वजन सदा खिशात, म्हणून शिसेकाका. काय माणूस होता! डावखुरा, हडकुळा, बोलायला तुसडा. पण दोर हातात आला की बघत राहावं. वजन पाण्यात सोडायचे तर साधा बुडबुडा यायचा नाही. डोळे मिटून बसायचे आणि बोटांना कळायचं, आता गाळाची साय लागली, आता घट्ट गाळ, आता जमीन. उभ्या आयुष्यात खोटं माप दिलं नाही. एका ठेकेदारानं गाळ जास्त दाखवा म्हणून गळ घातली, तर त्यालाच होडीत बसवून तलावाच्या मधोमध नेलं आणि म्हणाले, "जास्त हवाय ना? उतर आणि घेऊन ये." मला विचाराल तर असा माणूस पुन्हा होणे नाही.

ही त्यांची एकुलती एक शिष्या. त्यांच्यापेक्षा बरोबर वीतभर बुटकी, म्हणून ते तिला 'वीतभर' म्हणायचे, आणि पुढे सगळेच म्हणायला लागले. ते पाणी परसांत मोजायचे. परस म्हणजे एका माणसाची उंची. दोरावर परसापरसाला पांढरी चिंधी बांधलेली असते आणि तो परस ज्याचा दोर त्याच्या अंगाचा असतो. शिष्य तयार झाला की त्याला अनवाणी ताठ उभं करायचं, दोर टाचेखाली दाबायचा, टाळूपर्यंत ताणायचा आणि तिथं गुरूनं गाठ मारायची. मग तो दोर शिष्याचा, आणि शिष्य गाठ मारणाऱ्याचा. ती दर वर्षी विचारायची, "काका, माझा परस कधी?" ते म्हणायचे, "घेऊ गं. तुझ्या मापानं मोजलं तर तलावाला वाटेल आपण एकदम खोल झालो." आणि स्वतःच हसायचे.

तो परस राहिलाच. दोन-अडीच वर्षांपूर्वी काका एकटेच बुरुजापाशी मोजायला गेले. होडी मिळाली, होडीला बांधलेला दोर मिळाला. काका नाही मिळाले. गाळात गेलेलं सहसा मिळत नाही. तेव्हापासून दोर तिच्याकडे होता, त्यांच्याच चिंध्यांसकट. तिनं एकही गाठ हलवली नव्हती.

हा बुरूज म्हणजे तलावातून गावाला पाणी उचलायची जागा. त्याच्या पायाशी लोखंडी जाळी आहे, आणि ती जाळी गाळानं, कचऱ्यानं तुंबली होती. वरून काही करता येत नव्हतं. पाणबुड्यानं खाली उतरून जाळी मोकळी करायची, नाहीतर तलाव उपसायचा. उपसायला महिने जाणार, तोवर गावानं काय करायचं? दवाखान्यात बादल्यांनी पाणी नेत होते.

आणि पाणबुड्या कोण? तिचा धाकटा भाऊ. सहा फुटांच्या वर उंची, म्हणून ताडमाड. आईवडील गेल्यावर तिनंच त्याला वाढवला. शाळेच्या फाटकापाशी त्याचं नाक पुसण्यापासून पोहायला शिकवण्यापर्यंत सगळं तिनं केलं. पोहायला शिकवल्याचा तिला आता रोज पश्चात्ताप व्हायचा.

पाणीखात्याच्या साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "गाळ छातीपर्यंत असेल तर उतरवू. छातीच्या वर असेल तर नाही. बाई, तुम्ही म्हणाल ते." साहेब भला माणूस. त्यांनी सगळा भार तिच्या शब्दावर टाकला होता, आणि भरवसा होता म्हणूनच टाकला होता.

ताडमाड मात्र घरी म्हणाला, "ताई, तू नाही म्हणालीस तरी मी उतरणार. काल दवाखान्यात बघून आलोय मी."

"थोबाड फोडीन," ती म्हणाली.

"फोड. पण हात पोचायला स्टूल घे."

असा हा भाऊ.

तर साबण घेऊन ती काठावर आली तेव्हा ऊन होतं. नावाडी वाट बघत बसला होता. त्याला सगळे वटवट्या म्हणायचे, कारण तो झोपेतसुद्धा गप्प बसत नसे. होडी सुटली आणि त्याची सासू, त्याचा गुडघा, मेव्हण्याची नवी गाडी, असं सगळं सुरू झालं. अर्ध्या तलावात आले असतील, पाण्यावरून धुकं सरकत आलं. आधी काठ गेला, मग झाडं गेली. बुरूज तेवढा पुढे काळाकरडा उभा होता. गार लोखंडाचा आणि कुजक्या पानांचा वास यायला लागला. वटवट्या बोलता बोलता थांबला.

"काय झालं दादा?" तिनं विचारलं.

"काही नाही. इथं आलं की मला बोलावंसं वाटत नाही."

त्यानं बुरुजाच्या साखळीला होडी बांधली. आता एक ऐका. बुरुजाच्या पायाशी मूळ जमीन चार परस खोल आहे, फरसबंदी आहे, हे पक्कं ठाऊक. म्हणजे दोर जिथं टेकेल तिथून चार परसापर्यंत सगळा गाळ. आणि दोर टाकायचा तो दोनदा. दोन्ही मापं जुळली तर ठीक. नाही जुळली तर त्यातलं वाईट ते धरायचं आणि मुकाट घरी जायचं. तिसऱ्यांदा टाकायचा नाही. हा काकांचा नियम होता, काकांच्या गुरूचाही. तिनं एकदा विचारलंही होतं, का नाही टाकायचा? काका पाण्याकडे बघत म्हणाले होते, "दोनदा विचारलं तर माप मिळतं. तिसऱ्यांदा विचारलं की तळ उत्तर देतो."

"म्हणजे?"

"म्हणजे नको विचारूस."

तिनं साबण दाबला, वजन सोडलं. अडीच परसावर दोर सैल पडला. म्हणजे दीड परस गाळ. उभा माणूस त्यात डोक्यासकट गडप होईल. वर आलेला साबण काळा, बुळबुळीत.  साबण पुसून, नवा दाबून तिनं पुन्हा सोडलं. या खेपेला तीन परसांपेक्षा किंचित जास्त. म्हणजे ताडमाडच्या गळ्याला लागेल इतका गाळ.

जुळलं नाही. वाईट ते धरायचं. घरी जायचं.

ती दोर गुंडाळायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. घरी जाऊन नाही म्हणायचं, आणि तो उद्या पहाटे कुणाला न सांगता उतरणार. तिला तो चांगला ठाऊक होता. गाळ नक्की किती, कुठं उतार, कुठं पाय टेकेल, काही न कळता उतरणार. 

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "माझा एकुलता एक भाऊ आहे हो…"

आणि नवा साबण भरून, तळव्यानं सपाट करून तिनं वजन तिसऱ्यांदा सोडलं.

अडीच परस गेला. तीन गेला. दोर सरसरत जातच राहिला, मध्ये कुठं साय नाही, गाळ नाही, काही नाही. चौथी चिंधी पाण्याला टेकली आणि खालून टक्क असा आवाज दोरातून तिच्या बोटांत आला. फरशीवर शिसं वाजल्याचा.

मग दोर हलला. कुणी हिसका दिला नाही. वजन हातात घेऊन न्याहाळावं आणि परत ठेवावं, तसा जरा सैल झाला, जरा ताणला.

"बाई… चला ना," मागून वटवट्या म्हणाला.

तिनं दोर वर ओढला. साबणाला गाळाचा कण नव्हता. पांढराशुभ्र. आणि त्याच्यावर अंगठा उमटला होता. तिचा नव्हे, तिनं तर साबण तळव्यानं सपाट केला होता. मोठा अंगठा, डाव्या हाताचा, आणि त्याच्यावर आडवातिडवा गेलेला एक व्रण. पत्र्याच्या डब्यानं काकांचा अंगठा कापला होता तेव्हा तिनंच हळद दाबून फडकं बांधलं होतं.

"काय आलं वर?" वटवट्यानं विचारलं.

"फरशी आली," ती म्हणाली. तिनं वजन पदरात गुंडाळलं, आणि तिला रडू आलं. भीती होतीच हो. पण त्या भीतीच्याही वर काहीतरी भरून आलं होतं. अडीच वर्षं खाली पडून या माणसाचा हात तितकाच सफाईदार होता.

संध्याकाळी साहेबांना तिनं सांगितलं, "उतरू द्या. पण कमरेचा दोर मी धरणार." दोन मापं कशी आली, तिसरं कसं आलं, ते सांगितलं नाही. सांगून कोण ऐकणार होतं? खोटं माप दिलं का तिनं? ती रात्रभर स्वतःला हेच विचारत होती. आणि दर वेळी मनाशी एकच उत्तर येत होतं, काकांनी कधी खोटं माप दिलेलं नाही.

सकाळी धुकं तसंच होतं. ती डोक्यावरून न्हाऊन, ओल्या केसांचा घट्ट अंबाडा घालून निघाली. पाय घसरू नयेत म्हणून होडीत चपला काढल्या. मोजायचा दोर गुंडाळून मागे फळीवर ठेवला. ताडमाडनं सगळा सरंजाम चढवला आणि जाता जाता तिच्या डोक्यावर टपली मारली.

"एक हिसका म्हणजे ठीक. दोन म्हणजे वर ओढ. आणि ताई, रडू नकोस, तलाव वाढेल."

"जा मेल्या," ती म्हणाली, आणि तो पाण्यात गेला.

कमरेचा दोर दोन्ही हातांत धरून ती होडीच्या कडेला ताठ उभी राहिली. वटवट्या पुढच्या टोकाला, साखळी कवटाळून, तिच्याकडे पाठ करून बसला होता. त्यानं डोळे मिटले होते. खालून बुडबुडे येत होते, मग तेही धुक्यात नीट दिसेनात. मध्येच एक हिसका आला. ठीक. तिनं श्वास सोडला. मग बराच वेळ काही नाही.

टाचेखाली काहीतरी ओलं, गार सरकलं. होडीत पाणी आलं असेल म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. पाठीमागे फळी जराशी करकरली. वटवट्या हलला असेल. मग टाळूवर टपकन थेंब पडला, तिला वाटलं बुरुजावरून धुकं ठिबकतंय. नजर काढायची सोयच नव्हती, सगळा जीव त्या दोरात होता.

खालून एकदम गढूळ पाण्याचा लोट वर आला. आणि दोन हिसके.

तिनं असा काही दोर ओढला की वटवट्या धावत आला. ताडमाडचं डोकं वर आलं. त्याला आत घेतलं, तोंडावरचं काढलं, तर तो हसत होता आणि ओठ निळे पडले होते.

"मोकळी झाली जाळी. पाणी सुटलं बघ, ऐक."

बुरुजाच्या पोटातून गडगड आवाज येत होता. पाणी गावाकडे निघालं होतं. वटवट्यानं साखळीला कपाळ टेकवलं.

"गाळ?" तिनं विचारलं.

त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, "ताई, खाली फरशी अंगण झाडल्यासारखी स्वच्छ होती. मी उभा होतो तेवढीच जागा. आणि भोवतीनं गाळ उभा, डोक्याच्याही वर, भिंतीसारखा. गाळ असा उभा राहतो का कधी?"

"नाही राहत."

"मला बॅटरीत नीट दिसलं नाही… पण एका बाजूला कुणीतरी पाठ लावून तो रेटून धरला होता. पाय फरशीला रोवून. हडकुळा होता. मी काम करत होतो तोवर जागचा हलला नाही. मी वर निघालो आणि त्यानं पाठ काढली. सगळं मिटलं मागे."

 तिनं पाण्याकडे बघून हात जोडले. असा गुरू असतो का कुणाचा? मेल्यावरसुद्धा दिलेलं माप खोटं ठरू नये म्हणून अख्खा तळ पाठीवर धरून उभा राहतो!

काठावर उतरल्यावर लोक ताडमाडला खांद्यावर घेत होते, साहेब डोळे पुसत होते. ती बाजूला बसून मोजायचा दोर पुन्हा नीट गुंडाळायला उलगडत होती. दोर ओला होता. काल तिनं तो वाळवून ठेवला होता, आणि आज पाण्यात टाकलाच नव्हता.

वजनापासून पहिल्या पांढऱ्या चिंधीपर्यंत तिची बोटं सवयीनं सरकली आणि मध्येच अडली. पहिल्या चिंधीच्या वीतभर खाली एक नवी गाठ होती. तिच्यात मळकट, जुनाट कापडाची चिंधी होती.

ताडमाड लोकांतून सुटून आला. "काय बघतेस?"

"इकडे ये. हा दोर माझ्या टाचेखाली धर."

ती अनवाणी ताठ उभी राहिली. त्यानं दोर टाचेपासून वर ताणला. नवी चिंधी बरोबर तिच्या टाळूवर येऊन बसली, केसभरही इकडेतिकडे नाही.

"वा! शेवटी घेतलास म्हणायचा तुझा परस," तो हसून म्हणाला. "कुणाकडून बांधून घेतलास? आणि हे काय गं, न्हाऊन आलीस ना? भांगात गाळ कसला?"

त्यानं बोटानं पुसून तिला दाखवला. काळा, ताजा, ओला. तिनं खाली पाहिलं. टाचेलाही तसाच होता.

फळीवरची ती करकर तिला आठवली. तरी तिला आधी बरंच वाटलं, खरं सांगते. काका आले, राहिलेला परस देऊन गेले, असं तिनं मनाशी धरलं. तिनं ती गाठ मायेनं अंगठ्याखाली धरली. सुरेख गाठ होती, घट्ट, एकसारखी, मोठ्या कसबी हाताची.

आणि मग तिच्या ध्यानात आलं. फळी करकरली तेव्हा काका खाली होते, गाळाला पाठ लावून, जागचे न हलता. आणि काका डावखुरे. दोरावरच्या त्यांच्या सगळ्या गाठींचा पीळ डावीकडे जातो.

या गाठीचा पीळ उजवीकडे होता.